आर-एक्सचं इंजिन: रस्त्यासाठी किती, ड्रॅगसाठी किती

डिचोलीच्या बाजारात किंवा धारगळच्या तिठ्यावर जुन्या यामाहाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: रोज कामावर जायला चालेल आणि ड्रॅग शर्यतीतही उतरवता येईल असं इंजिन बांधायला किती पैसे लागतील? उत्तर आधीच सांगून टाकतो. ही दोन्ही कामं नीट करणारं एक इंजिन होत नाही. रस्त्याचं इंजिन बारा ते अठरा हजारांत उत्तम उभं राहतं. ड्रॅगचं इंजिन पंचेचाळीस हजारांच्या खाली होत नाही आणि सत्तर-पंचाहत्तरच्या घरात सहज जातं. दोन्ही एकातच करायला गेलात तर खर्च दुसऱ्याचा होतो आणि टिकाऊपणा पहिल्याचाही राहत नाही. पुढचा सगळा हिशेब याच आधारावर मांडला आहे. भाव मी अंदाजपत्रकासाठी देतो आहे. घासाघीस, ओळखपाळख आणि सुट्या भागांची टंचाई यांनी ते वरखाली होतील.

अमेरिकेत हाच प्रश्न ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनांबद्दल विचारतात. शेवरोलेने १९५५ साली २६५ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचं इंजिन आणलं. पुढची कित्येक वर्षं त्याच घराण्यातली इंजिनं लाखोंनी बनली, एकाचे भाग दुसऱ्याला बसत राहिले, म्हणून गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही शर्यतीचं इंजिन जोडता आलं. आपल्याकडे ही जागा यामाहाच्या आर-एक्सने घेतली. एस्कॉर्ट्सने १९८५ पासून १९९६ पर्यंत आर-एक्स १०० विकली, मागोमाग आर-एक्स जी, आर-एक्स १३५ आणि आर-एक्स झेड आल्या. इंजिनाचा पाया एकच, त्यामुळे एकीचा ब्लॉक दुसरीवर चढवण्याची कला गॅरेजमध्ये रुजली. खर्चाचा विचारही याच अदलाबदलीपासून सुरू होतो.

आर-एक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची फेरीही ५० मिलिमीटर. त्यातून ९८ सीसी मिळतात. कंपनीने सांगितलेली ताकद ७,५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन अवघं १०३ किलो. आर-एक्स १३५ मध्ये फेरी तीच ५० ची, व्यास मात्र ५८, म्हणून १३२ सीसी. फेरी तीच असल्यामुळे ‘१०० च्या गाडीला १३५ चा ब्लॉक’ हा उद्योग शक्य होतो. फक्त त्यासाठी क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं आणि एकदा ते मोठं केलं की केस पुन्हा मूळ स्थितीत येत नाही. मूळ १०० च्या केसवर हा प्रयोग करू नका, असं मी कळकळीने सांगेन. इंजिन नंबर ‘१एल१’ने सुरू होणाऱ्या, न छेडलेल्या केस आता नव्या मिळत नाहीत. ड्रॅगसाठी १३५ चं पूर्ण इंजिनच वेगळं घ्या.

केवळ वेगच हवा असेल तर आर-एक्स घेऊच नका, हेही सांगायला हवं. आजची १५५ सीसीची फोर-स्ट्रोक यामाहा शोरूममधून निघतानाच अठरा अश्वशक्तीच्या आसपास देते, वॉरंटीसकट. आर-एक्स घ्यायची ती टू-स्ट्रोक आवडतं म्हणून, हातात पाना घेऊन इंजिन समजून घ्यायची हौस आहे म्हणून, आणि शर्यतींत टू-स्ट्रोकचे वेगळे वर्ग असतात म्हणून.

आधी कागद

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही गोव्याच्या सीमेवरचे तालुके. पत्रादेवीपलीकडे बांदा-सावंतवाडी, साळच्या पलीकडे दोडामार्ग, आणि चोर्ल्याचा घाट चढला की बेळगाव. जुनी यामाहा शोधताना एमएच-०७ किंवा केए-२२ ची गाडी समोर येतेच, आणि ती गोव्यातल्या गाडीपेक्षा दहा-पंधरा हजारांनी स्वस्त वाटते. तो स्वस्तपणा पुढे कागदांत जातो. परराज्यातली गाडी गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मग इथे नव्या नंबरचा अर्ज (फॉर्म २७), मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, शिवाय गोव्याचा रस्ता कर. मूळ मालक हयात नसेल किंवा मुंबईला गेला असेल तर एनओसीसाठी महिनोन्‌महिने जातात.

दुसरी गोष्ट पासिंगची. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलीच्या नूतनीकरणाची फी २,००० रुपये झाली आहे. ती आधी १,००० होती आणि २०२२ च्या एप्रिलपूर्वी ३०० होती. आर-एक्स १०० ची प्रत्येक गाडी या नव्या दरात बसते. त्यात हरित कर धरायचा. नूतनीकरण रखडलेलं असेल तर मोटरसायकलीला दरमहा ३०० रुपये जादा आकारण्याची तरतूद नियमांत आहे. तीन वर्षं रखडली तर १०,८०० रुपये. विकणारा ‘कागद करून घेता येतील’ म्हणाला की हा आकडा त्याच्यापुढे ठेवा आणि किमतीतून कापून घ्या. ‘स्क्रॅप केलेल्या गाडीचे कागद दुसऱ्या चासीला लावलेत’ असा नुसता संशय आला तरी तिथून निघा. चासी नंबर पेन्सिलीने कागदावर घासून उतरवून घ्या आणि आरसीशी ताडून पाहा. हे काम फुकट आहे आणि याच्याइतकं मोलाचं दुसरं नाही.

विम्यात थर्ड पार्टीचा दर ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, जीएसटी धरून साधारण ८४२. पीयूसीत मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. धड जुळवलेलं आर-एक्सचं इंजिन यात पास होतं. जे होत नाही त्याचा कार्बोरेटर किंवा क्रँक-सील बिघडलेला असतो, म्हणून खरेदीआधी ताजं पीयूसी काढून आणायला सांगा.

चालू, स्वच्छ कागदांच्या आर-एक्स १०० ला साठ हजार ते एक लाख मागतात. रंग, क्रोम, जपानी छापाचे भाग असतील तर सव्वा-दीड लाखांचीही मागणी होते. मी रंगासाठी जादा पैसे कधीच सुचवणार नाही. हरमल, मोरजी, मांद्र्याच्या खाऱ्या हवेत क्रोम दोन पावसाळ्यांत फुटतं. पैसे कागदाला आणि न उघडलेल्या केसला द्या.

रस्त्याचं इंजिन

गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे दोन भाव सांगतात. हाफ म्हणजे वरचं काम: ब्लॉकला बोअर, नवा पिस्टन, रिंगा, गॅस्केट. फुल म्हणजे क्रँक काढून कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि ऑइल सीलही बदलायचे. तीस वर्षांच्या गाडीला हाफ इंजिन करणं हा माझ्या मते सर्वांत महागडा स्वस्त सौदा आहे. वरचा भाग ताजा झाला की दाब वाढतो, तो थकलेल्या रॉडवर येतो, आणि सहा महिन्यांत तोच ब्लॉक पुन्हा उतरतो. मजुरी दोनदा जाते.

फुल इंजिनाचा हिशेब असा. बोअर पाचशे ते आठशे. पिस्टन, रिंग, पिन दीड ते अडीच हजार. रॉड-किट, बेअरिंग आणि क्रँक प्रेसवर उघडून सरळ करून देणं साडेतीन ते पाच हजार. सील-गॅस्केट सहाशे ते हजार. क्लच प्लेटा आणि स्प्रिंग आठशे ते बाराशे. चांगला कार्बोरेटर अडीच ते साडेतीन हजार. मजुरी तीन ते चार हजार. बेरीज १२,४०० ते १८,०००.

बोअरबद्दल एक विचारून घ्या: आत्ता कोणत्या साइजवर आहे? पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. शेवटच्या पायरीवरच्या ब्लॉकला पुढच्या वेळी नवी स्लीव्ह घालावी लागते. शेवटच्या बोअरला इंजिन जेमतेम १०२ सीसी होतं, म्हणजे बोअर मारून ताकद वाढते हा समज सोडून द्या. बोअर मारतात तो झीज काढण्यासाठी.

डिचोली तालुक्याला इथे एक फायदा आहे. खाणी जोरात असताना टिपरांच्या कामावर डिचोली, सांखळी, उसगाव या पट्ट्यात लेथची आणि इंजिनकामाची दुकानं उभी राहिली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बसल्या, कामं घटली. पण हाताला सवय असलेले टर्नर आहेत. दुचाकीच्या ब्लॉकला बोअर देताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा माणूस हवा. त्यामुळे बोअर गेज आणि मायक्रोमीटर वापरतो का ते बघा आणि पिस्टन आधी नेऊन द्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर द्यायचा असतो. बोअर आधी आणि पिस्टन नंतर घेतला की सीझ होणारच.

तोटाही याच पट्ट्यात आहे. खनिजाची लाल धूळ लोखंडाचीच असते आणि ती बोअरला पॉलिशपेपरसारखी घासते. एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावलेली गाडी डिचोली-मये-मुळगाव रस्त्यांवर रोज फिरली तर नवा पिस्टन वर्षभरात सैल होतो. शंभर-दीडशे रुपयांचा मूळ फोम फिल्टर तेलात भिजवून वापरा.

पेट्रोलही बदललं आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरच्या रिंगा त्यात फुगतात, आणि मिश्रण थोडं ‘लीन’ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इथेनॉलला टिकणारी नळी लावा, मेन जेट एक पायरी मोठा करून प्लगचा रंग तपासा. तपकिरी हवा, पांढरा दिसला तर गाडी थांबवा. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. ऑइल पंप काढून टाकलेला असेल तर लिटरला पंचवीस मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल मोजून घाला. अंदाजाने ओतू नका. पंप चालू असेल तर तो काढायचं कारण नाही.

ड्रॅगचं इंजिन

ड्रॅगमध्ये इंजिनाकडून मागणी वेगळी असते. ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, किंवा त्याहून कमी अंतर, उभ्या स्थितीतून, काही सेकंदांत. त्यासाठी एक्झॉस्टचा पोर्ट वर नेतात, हेड घासून दाब वाढवतात, मोठा कार्बोरेटर आणि फुगीर पोटाचा एक्झॉस्ट चेंबर लावतात. चेंबर एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यात बाहेर निघालेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. त्या पट्ट्याच्या खाली इंजिन मेल्यासारखं चालतं. अस्नोड्याच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये घरी भाजी घेऊन येताना ते कामाचं नाही. एका इंजिनात दोन्ही का होत नाही त्याचं हे कारण, आणि ते कुठल्याही मेस्त्रीच्या हातचं नाही.

खर्च खालच्या भागात का जातो, तेही आकड्यांत पाहा. ५० मिलिमीटरच्या फेरीला ७,५०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर असतो. हेच इंजिन १०,५०० ला नेलं की तो साडेसतरा होतो, आणि रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ दुप्पट वाढतो. बाजारातला साधा रॉड हे फार काळ सोसत नाही. तो सुटला की क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि मागचं चाक जागेवर अडकतं.

१३५ चं चांगलं इंजिन पंधरा ते पंचवीस हजार. पाच गिअरचं मिळालं तर तेच घ्या. क्रँक, उत्तम रॉड, बेअरिंग आणि नीट केलेला समतोल सहा ते नऊ हजार. पिस्टन दोन-तीन हजार, पोर्टिंग तीन ते सहा हजार, हेड हजार-दीड हजार. कार्बोरेटर चार ते आठ, चेंबर पाच ते दहा, इग्निशन दोन ते चार, क्लच दीड ते अडीच, मजुरी पाच ते आठ हजार. बेरीज ४४,५०० ते ७७,०००. पैसे कमी पडत असतील तर चेंबर आणि कार्बोरेटर थांबवा, क्रँक थांबवू नका. बहुतेक मुलं नेमकं उलट करतात, कारण चेंबर दिसतो आणि ऐकू येतो.

याच्या जोडीला अंगावरचं सामान: प्रमाणित हेल्मेट आठ ते पंधरा हजार, लेदर सूट पंचवीस ते पंचेचाळीस, हातमोजे तीन ते सहा, बूट सहा ते बारा. ४२,००० ते ७८,०००. इंजिनाइतकाच खर्च. यातलं काहीही ‘पुढच्या वर्षी’वर टाकायचं नाही. सामानाचे पैसे नसतील तर इंजिन अजून बांधायचं नाही.

शर्यत कुठे करायची? गोव्यात कायमस्वरूपी ड्रॅग स्ट्रिप नाही. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरत आली आहे, आणि राष्ट्रीय मोटरसायकल ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होतात. भाग घ्यायला मोटरस्पोर्ट महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना लागतो का, टू-स्ट्रोकचा वर्ग किती सीसीपर्यंत आहे, मूळ ब्लॉकच हवा का, हे त्या वर्षाच्या नियमावलीत वाचल्याशिवाय पोर्टला फाइल लावू देऊ नका. वर्ग चुकला तर सगळं इंजिन वाया. डिचोलीहून लोणावळा जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर. पिकअप किलोमीटरला वीस रुपयांनी धरला तर वीस हजार, दोन-तीन गाड्या मिळून गेलात तर वाटून. आणि जेट बरोबर न्या. अँबी व्हॅली समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, हवा विरळ, म्हणून मोरजीच्या पातळीवर जुळवलेलं इंजिन तिथे ‘रिच’ चालेल, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडेल, आणि गुदमरेल. मेन जेट लहान करावा लागतो. परत आल्यावर तो आठवणीने बदला, नाहीतर खाली लीन चालून पिस्टन वितळतो.

मोपाचा जोडरस्ता, महामार्गाचे नवे सरळ पट्टे ही ड्रॅग स्ट्रिप नाहीत. तिथे गुरं येतात, स्कूटरवरून बाजाराला निघालेली माणसं येतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत किंवा १०,०००. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल प्रत्येक बदलाला ५,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर १०,००० पर्यंत आणि तीन महिने लायसन बंद. कंपनीने दिलेल्या नोंदीपेक्षा वेगळं रूप गाडीला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे. म्हणजे १३५ चा ब्लॉक चढवलेली १०० च्या आरसीची गाडी रस्त्यावर चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. शर्यतीत झालेलं नुकसान तर साध्या पॉलिसीत नसतंच. आईवडिलांनी एक नीट वाचावं: अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

म्हणून ड्रॅगची गाडी वेगळीच ठेवा, कागद नसलेल्या चासीवर, पिकअपमधून नेण्यापुरती. कागद असलेली गाडी त्यासाठी कापू नका.

आर-डी ३५० चं विचारणारेही असतात. १९८३ ते १९८९ मधली ही ३४७ सीसीची दोन सिलिंडरांची गाडी सुंदर आहे, पण तिच्यात सगळं दोन-दोन लागतं, मूळ भाग दुर्मीळ आहेत, आणि इंजिनाचं पूर्ण काम लाखाच्या पुढे जातं. ती जपण्यासाठी घ्या, शर्यतीत मोडण्यासाठी नको.

शेवटी बिलाचं. लेथवाल्याकडून आणि गॅरेजकडून कामाचं लेखी बिल घ्या: बोअरची साइज, पिस्टनचा मेक, रॉडचा मेक, तारीख. जुने भाग परत मागा. बिल असलं तर सदोष काम हा सेवेतला दोष ठरतो आणि पेडणे-डिचोलीच्या ग्राहकाला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, आणि त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं. गाडी मात्र एखाद्या खासगी माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा लागू पडत नाही, कारण विकणारा व्यापारी नसतो. तिथे तुमच्या हातात राहतो तो विक्रीचा करार आणि त्यावर लिहून घेतलेला चासी व इंजिन नंबर. टोकन देण्याआधी तो कागद करा.